मुळासकट निघालेला केस

टोपमास्तरांना एका गोष्टीचा भारी गर्व होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही. रस्त्याच्या पलीकडून चाललेल्या माणसाच्या डोक्यावर त्याचे स्वतःचे केस आहेत की टोप, हे आपण उभ्या उभ्या सांगतो, असं ते म्हणत. नुसतं म्हणत नसत, सांगतच. चहाचा कप घेऊन कारखान्याच्या खिडकीत उभे राहिले की सुरू व्हायचे: हा टोप, तो टोप, त्या बाईंचे केस खरे पण अंबाडा खोटा, आणि त्या बँकेतल्या साहेबांनी तर कमालच केलीय, कानामागे डिंक दिसतोय. बावन्न वर्षं त्यांनी टोप केले होते. नाटकातल्या राजांसाठी केले, आजारपणात केस गेलेल्या बायकांसाठी केले, लग्नाआधी घाबरलेल्या नवरदेवांसाठी केले. त्यांच्यापुढे या विषयात तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती.

त्यांच्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं ज्या बाई बसत, त्यांना सगळे जाळीताई म्हणत. टोपाचं काम म्हणजे शेवटी काय, डोक्याच्या मापाची बारीक जाळी घ्यायची आणि आकड्याच्या सुईनं तिच्या भोकाभोकात केस ओवून गाठ मारायची. एका टोपाला तीस-तीस हजार गाठी. भल्याभल्यांचे डोळे आणि मान जायची. जाळीताई मात्र सकाळी नऊला बसल्या की दुपारी एकलाच मान वर करत. आणि सगळ्यांत अवघड जी कपाळाची ओळ, जिथं डोकं संपतं आणि केस सुरू होतात, ती तर त्यांचीच. वाईट टोप तिथंच पकडला जातो. जाळीताईंची ओळ बघावी तर एक केस इकडे कललेला, एक मागे राहिलेला, मधेच एखादा जाडा वाकडा, जणू तो तिथं जन्मालाच आला. मास्तर भिंग लावून ती ओळ तपासत आणि म्हणत, "हं." एवढंच. पण मास्तरांचं "हं" मिळवायला माणसं वर्षानुवर्षं खपली होती, आणि जाळीताईंना ते दर आठवड्याला मिळत होतं. वर घरी गेले की मात्र मास्तर जेवताना सुनेला सांगत, की त्या बाईच्या बोटांत काय आहे कोण जाणे, मला सात जन्मात जमायचं नाही.

खाली कारखाना आणि वर घर. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातून दोन महिने घरी. सून पोस्टात काउंटरवर. आणि नात अकरा वर्षांची, तिला घरात खारू म्हणत, कारण लहानपणी काहीही हातात दिलं की दोन्ही हातांत धरून कुरतडत बसायची. शाळा सुटली की खारू कारखान्यात यायची आणि आजोबांच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. आई येईपर्यंत तिचं राज्य तिथंच.

एका दुपारी खारूनं आजोबांना बाजूला बोलावलं, गळ्याची शपथ घातली आणि डोक्यावरचे केस बाजूला करून दाखवले. मध्यभागी बिस्किटाएवढी जागा ओकीबोकी झाली होती. आईला सांगायचं नाही, म्हणाली. मास्तर घाबरले नाहीत, कारण असली डोकी त्यांनी शेकड्यांनी पाहिली होती. चाई आहे, ते म्हणाले. चाई म्हणजे आपोआप केस गळून पडलेला चट्टा, येतो आणि जातो. त्यांनी अंगठा फिरवून पाहिला, तर अंगठ्याला बारीक खुंट लागले, कुठं आखूड, कुठं लांब. आता हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर चाललं असतं, पण बावन्न वर्षांच्या कारागिराला कळायलाच हवं होतं, की चाईची कातडी काचेसारखी गुळगुळीत असते. खुंट असतात ते ओढून तोडलेल्या केसांचे. त्यांना ते माहीत होतं. अंगठ्यालाही माहीत होतं. पण नातीच्या डोक्यावर अंगठ्याचं कोण ऐकतं.

मग त्यांनी केलं ते फक्त एक टोपवालाच करू शकतो. जाळीताई घरी गेल्या की दिवा लावून बसायचे आणि तेवढ्या जागेपुरता चिमुकला टोप त्यांनी आठ संध्याकाळांत विणला. खारूच्याच रंगाचे केस निवडले, आतून दोन बारीक क्लिपा. घालून पाहिला, तर कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो ते त्यांचं त्यांना सापडेना. असे खूश झाले, की नातीला आरशापुढं तीनदा गोल फिरवली. चार महिन्यांनी खारू परत आली, जागा बशीएवढी झाली होती. त्यांनी मोठा टोप विणला. पुन्हा पाच महिन्यांनी आणखी मोठा. प्रत्येक टोप आधीच्यापेक्षा सरस. शाळेला कळलं नाही, आईला कळलं नाही, तापासाठी दाखवलं त्या डॉक्टरांना कळलं नाही. आपली वेणी आपणच घालते म्हणून आईला उलट लेकीचं कौतुक.

त्यानंतर खारूचं जेवण कमी झालं. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायची. उलट्या सुरू झाल्या, हातापायांच्या काड्या झाल्या, आणि एक दिवस शाळेतून तिला उचलूनच आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी पोट चाचपलं, तर वरच्या बाजूला दगडासारखं काहीतरी हाताला लागलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. पोटातून निघाला तो केसांचा गोळा, पोटाच्याच आकाराचा, घट्ट आणि काळा, खाली आतड्यात शेपूट गेलेली. सर्जननं मास्तरांना फोटो दाखवला. सगळं आयुष्य केसांत गेलं होतं, पण केसांची किळस त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा आली. आणि किळस आली म्हणून स्वतःची लाजही वाटली.

ऑपरेशनच्या आधी नर्सनं तो टोप काढून पिशवीत घालून सुनेच्या हाती दिला होता. सून बाकावर बसून तो उलटासुलटा करून बघत होती. आरडाओरडा तिनं केला नाही. सासऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, फार सुंदर केलाय. तुम्ही इतकं सुंदर झाकलं नसतंत, तर मला वर्षापूर्वीच दिसलं असतं."

 

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. ही वाईट सवय नाही, हट्ट नाही, वेड तर नाहीच. हा आजार आहे आणि वाटतो तितका दुर्मीळ नाही. काहींचा हात सारखा केसांकडे जातो, ओढल्याशिवाय चैन पडत नाही, काही जण ओढलेला केस खातात. काही जण कातडी सोलतात, काही रक्त येईपर्यंत नखं कुरतडतात, हे सगळे आजार म्हणजे एकाच घरातली भावंडं. माणसं वर्षानुवर्षं लपवतात, कारण शरम वाटते. ओरडून, कोंडून, मारून हात थांबत नाही. त्यासाठी शिकलेल्या बाई आहेत, त्यांच्याकडे बोलायला पाठवा. मात्र एक लक्षात ठेवा, पोट आता मोकळं झालंय, पण खाणं चालू राहिलं तर गोळा पुन्हा होईल, आणि पुढच्या वेळी आतडं फाटायच्या आत आपण पोचू अशी खात्री मी देत नाही.

समुपदेशक बाई चांगल्या होत्या. खारू चार वेळा गेली आणि चारही वेळा मुक्यासारखी बसून परत आली. कागदावर रेघोट्या ओढायची. घरीही तिची दातखीळ बसलेली. विचारलं तर मान खाली. मास्तरांनी कारखान्यातले केस कपाटात कुलपात घातले, नातीला हातमोजे आणून दिले, आईनं उशीवरचे केस मोजायला घेतले. कशाचा काही उपयोग नाही. सहाव्या आठवड्यात अंघोळीनंतर आईला नव्या चट्ट्याच्या कडेला रक्ताचे ठिपके दिसले. तिनं ठरवलं, भादरून टाकायचं. केसच नसले तर खाणार काय. समुपदेशक बाईंनी जबरदस्ती करू नका म्हणून बजावलं होतं, ते तिनं आणि मास्तरांनी दोघांनीही ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. घाबरलेल्या माणसाला शहाणपण ऐकू येतं कुठं.

शनिवारी दुपारी आईनं खारूला खाली कारखान्यात आणलं, कारण केस कापायचं मशीन तिथं होतं. मास्तरांनी खुर्ची ओढली, नातीच्या गळ्याशी फडकं बांधलं. पोरगी रडेना, हलेना, नुसती समोरच्या, टोप चढवायच्या लाकडी डोक्याकडे बघत बसली. जाळीताई आपल्या टेबलावर गाठी मारत होत्या. मास्तरांनी मशीन सुरू केलं, आणि जाळीताईंनी सुई खाली ठेवली.

"मास्तर, ते बंद करा," त्या म्हणाल्या.

अकरा वर्षांत ही बाई मास्तरांना काही करा किंवा करू नका असं म्हणाली नव्हती. मास्तरांनी मशीन बंद केलं, ते आश्चर्यानंच. जाळीताई उठल्या, खारूच्या खुर्चीपुढं आल्या, खाली जमिनीवर बसल्या. दोन्ही हात कानांमागे नेले, काहीतरी सोडवलं, आणि खांद्यापर्यंतचे, कपाळाशी दोन-चार पांढरे असलेले आपले केस उचलून मांडीवर ठेवले.

खाली डोकं होतं, तेही जागोजागी उघडं. कानांवर आणि मानेवर केस, मध्ये मोठी मोकळी जागा, तिच्यात कुठं नवे बारीक केस आलेले, कुठं कातडी कायमची गुळगुळीत झालेली.

मास्तर बघतच राहिले. अकरा वर्षं. हाताच्या अंतरावर. रोज. रस्त्यावरच्या साहेबांच्या कानामागचा डिंक बघणारा माणूस शेजारच्या टेबलावर ठार आंधळा निघाला. दुसऱ्या कुठल्या दिवशी त्यांना हा अपमान वाटला असता. त्या दिवशी मनात आलं, काय हात आहेत या बाईचे, आणि काय छाती.

जाळीताई खारूशीच बोलत होत्या. "माझं तीनदा भादरलं होतं," त्या म्हणाल्या. "मी तुझ्याएवढी होते. केस नव्हते, तर मी भुवया काढल्या. भुवया संपल्या, तर पापण्या. मग आई झोपली की तिच्या वेणीतले. भादरून हात थांबत नाही गं. हाताला फक्त आणखी लाज वाटते."

खारूनं पहिल्यांदा मान वर केली. बराच वेळ तिनं ते डोकं निरखून पाहिलं. सहा आठवड्यांत तिनं धड एक वाक्य उच्चारलं नव्हतं. आता म्हणाली, "खाता पण?"

"मूळ खाते. मुळाशी पांढरा ठिपका असतो ना, तेवढाच."

"मी अख्खा," खारू म्हणाली.

आणि मग त्या दोघी जे बोलायला लागल्या, ते मास्तर आणि त्यांची सून खुंटासारखे उभे राहून ऐकत होते. खारूनं विचारलं, तुमचं बोटही आधी शोधत फिरतं का. जाळीताई म्हणाल्या, फिरतं तर, जाडा आणि थोडा वाकडा केस शोधतं. खारू म्हणाली, हो, तो सुतळीसारखा लागतो, तो सापडला की मग सोडवतच नाही. अभ्यास करताना जास्त होतं, ती म्हणाली, आणि गणित आलं की फारच. जाळीताईंचं टीव्ही बघताना व्हायचं, म्हणून त्यांनी टीव्हीच विकून टाकला, मग पुस्तक वाचताना व्हायला लागलं. यावर दोघी चक्क हसल्या. खारू म्हणाली, ओढला की एक क्षण इतकं बरं वाटतं, आणि मग इतकं वाईट वाटतं, की ते वाईट वाटणं थांबवायला दुसरा ओढते. हे वाक्य ऐकून तिच्या आईनं तोंडाला पदर लावला. एवढीशी पोर एवढं ओझं घेऊन रोज शाळेत जात होती, डबा धुऊन ठेवत होती, आणि आपण तिला विचारत होतो, तुला कशाची कमी आहे.

मास्तरांना मात्र आणखी एक गोष्ट उमगली, आणि ती त्यांच्या धंद्याची होती. जाळीताईंच्या कपाळाच्या ओळीत ते जे जाडे वाकडे केस असत, मधेच उगवल्यासारखे, ज्यांच्यामुळं ओळ जिवंत वाटे, ते कुठून आले हे त्यांना आज कळलं. डोक्यावर कुठला केस कुठं, कसा कललेला आणि किती घट्ट असतो, हे या बाईला बोटांनी पाठ होतं. ज्या हातांनी इतकी वर्षं स्वतःचं डोकं उजाड केलं, त्याच हातांनी तिनं शेकडो बायकांना त्यांचं डोकं परत दिलं होतं. आणि मास्तर तिला म्हणत होते, "हं."

शेवटी जाळीताई त्यांच्याकडे वळल्या.  "हिचा हात कुठं जातो ते मला वर्षभर दिसत होतं, मास्तर. या टेबलाखाली. मी बोलले असते तर माझं उघडं पडलं असतं, म्हणून गप्प बसले. तुम्ही टोपानं झाकलंत, मी तोंडानं झाकलं. तुम्हाला निदान माहीत तरी नव्हतं."

मला माहीत होतं, मास्तर म्हणाले, माझ्या अंगठ्याला माहीत होतं. सुनेनं त्यांच्या हातातलं मशीन काढून घेतलं, वायर गुंडाळली आणि खणात टाकली. मग जाळीताईंशेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, की ताई, मंगळवारी हिला त्या बाईंकडे न्यायचंय, तुम्ही येता का बरोबर.

जाळीताई गेल्या. पहिल्या मंगळवारी त्याच जास्त बोलल्या, दुसऱ्या मंगळवारी खारू बोलली, आणि तिसऱ्या मंगळवारी सत्तेचाळीस वर्षांच्या जाळीताईंनी स्वतःचंही नाव रजिस्टरमध्ये घातलं. यात जादू काही नव्हती, हे सांगायलाच हवं. हात केव्हा वर जातो ते आधी ओळखायचं, मग त्या वेळी त्याला दुसरं काम द्यायचं, बोटांच्या टोकांना चिकटपट्टी लावायची, गणित करताना डाव्या हातात गाठी मारलेली दोरी धरायची. कारखाना खारूला बंद झाला. दुपारच्या चहाला जाळीताई वर जात, आणि दोघी हात केव्हा वर गेला ते टिपलेली आपापली वही उघडून बसत. एखादा आठवडा चांगला जाई, एखादा अगदी पाण्यात. मास्तर सुरुवातीला रोज विचारत, आज किती. समुपदेशक बाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि गोड शब्दांत असं काही सुनावलं, की पुन्हा त्यांनी विचारलं नाही. ते शिकले. सत्तरी उलटल्यावर शिकले, पण शिकले.

मला कौतुक वाटतं ते त्या पोरीचं. मोठी माणसं एकदा पडली की वर्षभर त्याचंच तुणतुणं वाजवतात. ही आठवड्यातून चारदा पडायची, वहीत लिहायची, आणि पाचव्या वेळी दोरी हातात घ्यायची.

आठ महिन्यांनी सोनोग्राफी होती. पोटात पुन्हा काही जमलंय का, ते बघायचं होतं. सुनेला रजा मिळाली नाही, म्हणून मास्तर आणि जाळीताई खारूला घेऊन गेले. रिक्षात खारूनं आपणहून सांगितलं, की मागच्या महिन्यात परीक्षेच्या वेळी खाल्लेत, बरेच खाल्लेत, आणि आईला सकाळी सांगितलंय. मास्तर बरं म्हणाले आणि रिक्षाबाहेर बघत राहिले. जाळीताईंनी तर सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, काळजीनं.

आत तपासणीच्या खोलीत खारू टेबलावर झोपली. डॉक्टरीणबाईंनी पोटावर ते यंत्र फिरवलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, पुन्हा पहिल्या जागी आल्या. मास्तर हातात नातीच्या चपला धरून उभे होते. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की पोट स्वच्छ आहे, काहीही नाही. मास्तरांनी चपला छातीशी धरल्या.

खारू उठली, कागदानं पोट पुसलं, फ्रॉक खाली केला. पण टेबलावरून उतरली नाही.

"आता यांचं बघा," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "पस्तीस वर्षं खाल्लेत यांनी. कधीच दाखवलं नाही."

 जाळीताई दाराकडे सरकल्या. काहीच नाही मला, त्या म्हणाल्या, उगाच काहीतरी. मास्तरांच्या तेव्हा कुठं डोक्यात आलं, की हल्ली किती दिवस ही बाई दोन घासांवर डबा बंद करते. ते त्यांनी पाहिलं होतं. तेही पाहिलंच होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सकाळपासून काही खाल्लंय का, आणि जाळीताईंना नाही म्हणावंच लागलं.

खारू उतरली. जाळीताईंची पर्स तिनं त्यांच्या हातातून घेतली आणि आजोबांना दिली, आणि म्हणाली, तुम्ही बाहेर थांबा. मास्तर एका हातात चपला आणि एका हातात पर्स घेऊन बाहेर आले. आतून टेबलाचा आवाज आला. मग खारूचा आवाज आला, समजूत घालणारा, अगदी मोठ्या बाईसारखा. ती सांगत होती, की ते गार लागतं पण दुखत नाही, आणि आत काही सापडलंच तर घाबरायचं नाही, काढता येतं, माझं काढलं तसं, आणि मी रोज येईन दवाखान्यात.